काजळीला हात लावून

आई फोनवर "कशी आहेस, जेवलीस का" असलं काही विचारत नाही. सरळ मुद्द्यावर येते. "तुझा काका लई खोकतोय," ती म्हणाली. "रविवारी गाडी घिऊन ये. कपारीत जायचंय."

मी निमगाव सावाला आमच्या रानात उभी होते. कांदा काढायला बायका लागल्या होत्या, होळी होऊन आठवडाही झाला नव्हता तरी ऊन टाळू भाजत होतं, आणि ठिबकची नळी कुणीतरी खुरप्यानं कापून ठेवली होती म्हणून माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. म्हटलं, "काका खोकतोय तर त्याला दवाखान्यात न्यायचं का डोंगरात?"

"दवाखान्यात मागनं ने. आधी कपारीत."

"आणि तुझे गुडघे?"

"माझं गुडघं मी बघीन. तू गाडीचं बघ." फोन बंद.

तिला काय हवंय ते विचारायची मला गरज नव्हती. जन्मापासून तेच ऐकत आलेय. माझ्या आधी तिला एक मुलगी झाली होती. ती जन्मल्यावर रडली होती की नव्हती, एवढंच तिला काकाच्या तोंडून ऐकायचं होतं. ज्याला ठाऊक असेल असा तो एकटाच उरला होता, आणि तो खोकत होता.

सगळं नीट सांगते. माझं माहेर शिनोलीच्या वरच्या अंगाला. माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी पावसानं दगा दिला, चैत्रातच विहिरीचा तळ दिसला. तेव्हा आजी, बाबा, काका आणि पहिलटकरीण आई असं सगळं घर गुरं घेऊन कपारीत राहायला गेलं. कपार म्हणजे आहुप्याच्या बाजूच्या डोंगरात, कड्याच्या पोटात असलेली लांबलचक खोबण. जुन्नरच्या लेण्यांसारखी ती कुणी छिन्नीनं कोरलेली नाही, डोंगरानंच केलेली आहे. आत एका कोपऱ्यात खडकातून पाणी टिपकतं आणि ते भर वैशाखातही आटत नाही. माणसं आणि गुरं दोन्ही मावतात.

आईला सातवा लागला होता. पुढच्या महिन्यात माहेरी पाठवायचं ठरलेलं. पण तिथंच एका दुपारी तिचं पोट दुखायला लागलं. आजीला सुईणपण येत होतं, तिनं सोडवलं. आईचं रक्त फार गेलं आणि शुद्ध हरपली. दुसऱ्या दिवशी भानावर आली तेव्हा कुशीत काही नव्हतं. "पोरगी व्हती. मेलेलीच आली," आजी म्हणाली. बाबांनी नुसती मान हलवली. कुठं पुरली तेही तिला कुणी सांगितलं नाही. तान्ह्या लेकराच्या मातीला आईनं जायचं नाही आणि जागाही विचारायची नाही, अशी आमच्याकडची पद्धत. विषय मिटला.

आईचा मिटला नाही. तिनं रडणं ऐकलं होतं.

"बारीक. थांबून थांबून," ती सांगायची. घरचे म्हणायचे, वारा असेल, करडू ओरडलं असेल, तू ग्लानीत होतीस. ती म्हणायची, मला दूध आलं व्हतं, मेलेल्या लेकराला दूध कशाला येईल? (दूध तसंही येतं. माझ्या बाळंतपणात डॉक्टरणीला विचारलं तेव्हा कळलं. हे मी आईला आजवर सांगितलेलं नाही. माझी छाती झाली नाही.) पुढं ते रडणं तिला घरीही ऐकू यायला लागलं. भाकरी थापताना हात मधेच थांबायचा. विहिरीवर घागर भरून वाहायला लागायची आणि हिचं ध्यान भलतीकडं. मग लोक म्हणाले हिला बाहेरचं लागलंय. देवऋषी झाले, अंगारे झाले, लिंबं उतरवून झाली. एकानं तर मिरच्यांची धुरी दिली, तिचे डोळे दोन दिवस उघडत नव्हते. शेवटी गावात नाव पडलं ते पडलंच. शाळेत मला "येडीची पोरगी" म्हणायचे आणि मी एकेकाला धरून बडवायची. माझ्या तापटपणाला नावं ठेवणाऱ्यांनी हे ऐकून घ्यावं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी फारशी कुणाला सांगत नाही. मी लहानपणी कुठं पडले, रडायला लागले, की आई हातातलं काम टाकून धावत यायची. पण उचलायची नाही. शेजारी उभी राहून ऐकायची. गुडघ्यातून रक्त येतंय, मी हात वर करून भोकाड पसरलंय, आणि ही आपली ऐकतेय. बायका म्हणायच्या, बया, काय ही आई म्हणायची का कोण? मोठेपणी एकदा भांडणात मी तिला याचा जाब विचारला. ती शांतपणे म्हणाली, "जुळतंय का बघायची."

आजी गेली, मागोमाग बाबाही गेले. दोघांनी शेवटपर्यंत एकच सांगितलं. उरला काका, बाबांचा धाकटा भाऊ. त्यानं लग्न केलं नाही. कपारीच्या पायथ्याच्या वाडीत दोन म्हशी घेऊन एकटा राहतो आणि आमच्या घरी कार्याला आला तरी आईच्या समोर बसत नाही. त्याचं उत्तर ठरलेलं. "मी गुरांमागं व्हतो, वयनी. मला काय ठावं." पण आईला एक गोष्ट पक्की आठवत होती. त्या दुपारी ग्लानीत तिचे डोळे एकदा उघडले होते, तेव्हा कपारीच्या तोंडाशी दीर पाठमोरा बसला होता. भर उन्हात, घोंगडी पांघरून.

"चैताच्या उन्हात घोंगडी का पांघरंल माणूस?" हे तिनं मला शंभरदा विचारलं असेल.

आणि त्याला विचारायचं ते कपारीतच, कारण तिथं खोटं चालत नाही. ही त्या डोंगरातली जुनी रीत. हिरड्याच्या झाडावरून भांडण लागलं, कुणाचं वासरू कुणाच्या गोठ्यात सापडलं आणि कुणी कबूल होईना, की त्याला कपारीत न्यायचे. छताला पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची काजळी आहे. तिच्यावर पुरा पंजा दाबायचा, काळा हात समोरच्याला दाखवायचा आणि मग बोलायचं. दिवस मावळेपर्यंत तो हात धुवायचा नाही. काजळी उचलून जो खोटं बोलेल त्याला ते छत पुन्हा आसरा देत नाही, म्हणतात. पोलीस पाटलासमोर बिनदिक्कत खोटं बोलणारी माणसं तिथं वर गेल्यावर चळाचळा कापलेली आहेत.

रविवारी आईला शिनोलीहून उचललं. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. मी म्हटलं, "लग्नाला निघालीस का?" तर म्हणाली, "गाडी चालव." धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं रस्ता जातो, एरवी ती बुडालेली गावं बोटानं दाखवत बसते. त्या दिवशी नुसती समोरच्या डोंगराकडं बघत होती.

काका अंगणात दावं वळत बसला होता. आम्हाला बघून उठला, म्हशींना पाणी दाखवलं, माझ्याकडं बघून "पावणं लवकर आलं आज" म्हणाला. मी वाटेत सगळं भाषण तयार केलं होतं. काका, आता तुमचं वय झालं, आता लपवून काय मिळणार आहे, वगैरे. आई नुसती म्हणाली, "भाऊजी, कपारीत येताय का?"

त्यानं तिच्या पायातल्या चपलांकडं बघितलं, मग डोंगराकडं बघितलं. "चला," म्हणाला.

इतकी वर्षं कानावर हात ठेवणारा माणूस एका शब्दात तयार होतो म्हणजे काय? क्षणभर वाटलं, सांगावं, राहू दे, आपण दवाखान्यात जाऊ, एक्सरे काढू. पण आई काठी घेऊन केव्हाच निघाली होती.

तासभर चढ आहे. काका खोकत खोकत पुढं, आई गुडघा धरत मधे, आणि पंचेचाळिशी ओलांडलेली मी सगळ्यात मागं, धापा टाकत. "गाडीनं पार बिघडवलं तुला," आई मागं न बघता म्हणाली. करवंदीला फुलं आली होती. शेवटच्या टप्प्यावर काकानं थांबून हाळी घातली. आत जनावर असेल तर निघून जावं म्हणून घालतात. हाळी आत गेली आणि बऱ्याच वेळानं परत आली. माझी मात्र एकदम खात्री पटली की आत कुणीतरी आहे आणि ते ऐकतंय.

आत गेलं की आधी अंगाला गारवा लागतो आणि मग वास येतो, शेणाचा, धुराचा, वाघळांचा. मी लहानपणी तिथं राहिलेय, पण त्या वयात भीती कळत नव्हती. छत इतकं काळं की डोळे वर केले तर वर काही नाहीच असं वाटतं. जमिनीच्या खडकात वाटीएवढे खळगे आहेत, कुणी, कधी, काय कुटून ते पडले देव जाणे. मातीत पाय घासला तरी खापर निघतं. पुण्याहून एक संशोधक आले होते, त्यांनी मला इथली एक गारगोटी दाखवली होती, नखाएवढी, दोन्हीकडून धार काढलेली. म्हणाले, ताई, हे पातं आहे, लोखंड माहीत नव्हतं तेव्हाचं. आम्ही पोरं असली पाती गोळा करून सागरगोट्यांसारखी खेळलो होतो. आता मात्र मला ते आठवून कसंतरी झालं. तिथं कुणी नाही असं वाटतच नाही हो. आत्ता कुणीतरी बसल्या जागेवरून उठून गेलंय, आपण मधे आलोय म्हणून, असं वाटत राहतं.

आई सरळ चुलीपाशी गेली. तीन दगड, मधे कुणा गुराख्यानं केलेली ताजी राख. "माझी चूल," ती म्हणाली आणि बाजूला फतकल मारून बसली. त्या वर्षानंतरही पाच-सहा उन्हाळे आमचं घर वर येत राहिलं, तेव्हा ती इथंच रांधायची. चूल भिंतीशी नाही, अशी मधेच आहे, येता-जाता पायात येते. "म्या कितीदा म्हणले भिंतीकडं सरकवू," आई दगडावरून हात फिरवत म्हणाली. "तुझा बाप काय हलवू द्यायचा न्हाई." काकानं तोंड फिरवलं.



"भाऊजी," आई म्हणाली, "हात लावा."

काका छत जिथं खाली उतरतं तिथं गेला. उजवा पंजा दाबला, बराच वेळ दाबून ठेवला. मग येऊन आईसमोर उकिडवा बसला आणि तो काळा हात तिच्यापुढं धरला. इतक्या वर्षांत तो तिच्या समोर बसलेला मी पहिल्यांदा बघत होते.

"इचारा, वयनी."

"रडली व्हती का?"

"रडली व्हती."

आईनं डोळे मिटले. मग काका आपणहून बोलायला लागला, जमिनीकडं बघत, मधे खोकत.

"दुपारची झाली. तुमचं रगत थांबना. आय म्हणली, हिला बघू का पोरीला बघू, धर ही. दादा वैदाला आणाया खाली पळाला. लई बारकी व्हती, वयनी, माझ्या पंजात मावत व्हती. गार पडाया लागली. म्हणून उन्हात बसलो, अंगाशी धरली, वरनं घोंगडी घेतली. थांबून थांबून रडायची. दिवस मावळंपर्यंत व्हती. मंग गप झाली. मला वाटलं झोपली. मी तसाच बसून व्हतो."

"मग मला खोटं का सांगितलं?"

"दादा म्हणला, जिवंत व्हती, रडली, असं हिला कळलं तर हिचं दूध आटायचं न्हाई. दूध साकळंल, ताप भरंल, तीबी हातची जाईल. मेलीच आली म्हणू, म्हंजी अंगबी समजंल. आयलाबी पटलं. मला म्हणले, तू गुरांमागं व्हतास."

मला राहवलंच नाही. मी ओरडले. "आणि तिला वेडी ठरवली तेव्हा? तिच्या डोळ्यांत मिरच्यांचा धूर घालत होते, तेव्हा कुठं होतात? तेव्हा काय मिठाची गुळणी धरून बसला होतात? एक शब्द, काका! एका शब्दानं तिचा जन्म सुटला असता!"

माझा आवाज छताला लागून परत माझ्याच अंगावर आला. काका म्हणाला, "दादाला शबूद दिला व्हता." आणि तो काळा हात तसाच पुढं धरून बसून राहिला.

"गप ग तू," आई मला म्हणाली. "त्यांनी धरली व्हती तिला. वरडू नको त्यांच्यावर." मग त्याला विचारलं, "कुठं ठिवली?"

त्यानं डावा हात उचलला आणि चुलीकडं बोट केलं.

"खाली तरसं लई व्हती तवा. कुठंबी पुरली तरी उकरून काढत्यात. चुलीखाली कुणी उकरत न्हाई. दादानंच खांदलं, त्यानंच वर दगड मांडलं."

त्याच संशोधकांनी सांगितलं होतं, खाली घोडनदीच्या काठी फार पूर्वीची माणसं राहायची, ती आपली तान्ही मुलं घरातच, पायाखालच्या जमिनीत पुरायची, मडक्यांत घालून. मी तेव्हा "अरे बापरे" म्हणून चहा पुढं केला होता. माझे बाबा कुठलं पुस्तक वाचायला गेले नव्हते. आणि त्या चुलीवर आईनं पाच-सहा उन्हाळे भाकऱ्या भाजल्या. मला तिथंच न्हाऊ घातलं, तिथंच शेकलं. जिथं बसून ती ते रडणं शोधत होती, त्याच्या वीतभर वर तिचा तवा होता. मला वाटलं, आता ही किंचाळणार, आता हिचं खरंच काहीतरी होणार. मी तिला धरायला पुढं झाले.

आईनं राखेत तळहात ठेवला. सावकाश, पोळेल की काय असा. राख गारच होती.

"गार पडत व्हती म्हणालात ना," ती म्हणाली. "मंग ऊबंला ठिवलीत. बरं केलंत."

मला रडू फुटलं. ते दोघं रडत नव्हते. मी एकटीच नाक ओढत उभी होते, आणि मला बाबांचा इतका राग येत होता आणि इतकी दया येत होती की काय करावं कळेना. काय म्हणावं या माणसांना? जीव वाचवायला खोटं बोलले आणि जीव वाचलाही. बाकी सगळं गेलं.

"भाऊजी," आई म्हणाली. "कसं रडत व्हती?"

काका दचकला. मला वाटलं, नाही म्हणेल. इतकी वर्षं झाली, आता काय आठवणार, असं म्हणेल. पण त्याला आठवावं लागलं नाही. त्यानं मान खाली घातली आणि त्याच्या त्या खोकून फाटलेल्या म्हाताऱ्या घशातून एक आवाज काढला. बारीक. मग थांबला. मग पुन्हा. कपारीनं तो आवाज घेतला आणि आतल्या अंधाराच्या टोकापर्यंत नेला, आणि तिकडून तो परत आला तेव्हा तो काकाचा राहिलेला नव्हता.

"हां," आई म्हणाली. "ह्योच."

मग ती काकाकडं बघतच राहिली. काहीतरी तिच्या ध्यानात येत होतं, मला दिसत होतं, पण काय ते कळत नव्हतं.

"तुमालाबी येतोय व्हय ऐकू?" तिनं विचारलं. "अजून?"

काकानं मान हलवली. "रोज," म्हणाला. "म्हशींचं दूध काढताना. लई करून तवाच."

आईनं त्याचा तो काळा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ठेवणीतल्या लुगड्याला काजळी लागली.

"आवो, मग एकदा तरी बोलायचं व्हतं की, भाऊजी," ती म्हणाली. "दोघांनी मिळून ऐकलं असतं."